न मारलेल्या मेगरवर सही करू नका



संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. कॅम्पची बस गेटवर उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि फोरमन पोर्टाकॅबिनच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा टाकतो. "चलो भाई, जल्दी साइन मारो, कल क्लायंट को देना है." कागदावर सर्किटचा नंबर आहे, केबलची लांबी आहे, मेगरचं रीडिंग आहे. सगळं भरलेलं. फक्त 'टेस्ट कोणी केली' हा रकाना मोकळा ठेवलाय. तो तुमच्यासाठी.

हीट ट्रेसिंगच्या कामावर असलेल्या आपल्यापैकी किती जणांनी हा गठ्ठा बघितलाय, हे मला कुणाला विचारायची गरज नाही. मी स्वतः अशा सह्या केल्यात. म्हणूनच लिहितोय.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गावाकडं सांगितलं की आम्ही पाइप गरम ठेवणारी केबल टाकतो, तर लोक हसतात. तिकडं पन्नास डिग्री ऊन आणि तुम्ही पाइप तापवता? पण गंधकाला पन्नास डिग्री म्हणजे कडाक्याची थंडी. गंधक वितळतं साधारण ११५ ते १२० डिग्रीला, आणि १६० च्या आसपास गेलं की उलट काकवीपेक्षा घट्ट होतं. म्हणजे पाइपातून ते वाहतं ठेवायचं तर मधल्या पट्ट्यातच ठेवावं लागतं, रात्रंदिवस. अबुधाबीच्या शाह फील्डचं गंधक रेल्वेनं रुवैसला जातं ते दाणे करून, पण दाणे होण्याआधी ते पातळच असतं. डांबराचं तसंच, जड फर्नेस ऑइलचं तसंच. पन्नास टक्क्यांचं कॉस्टिक तर बारा डिग्रीच्या आसपास गोठायला लागतं, आणि वाळवंटातली जानेवारीची रात्र ज्यानं उघड्यावर काढलीय त्याला बारा डिग्री म्हणजे काय ते माहीत आहे. अशा पाइपांवर कुठं स्टीम असते, कुठं विजेची केबल. वर लॅगिंग, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. एकदा पत्रा बसला की आतली केबल कुणाला दिसत नाही. मेगर सोडून तिची खबर घ्यायचा दुसरा सोपा मार्ग नाही.

आता मेगर कधी मारायचा? ड्रम साइटवर आला की, उचलून पाइपावर न्यायच्या आधी. पाइपावर बांधून झाली, ग्लँड आणि एंड सील बसले की. लॅगिंग आणि पत्रा झाला की लगेच. आणि पहिल्यांदा करंट सोडायच्या आधी. चार वेळा. केबल बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तकांत हे थोड्याफार फरकानं असंच छापलेलं असतं, आणि त्यांच्या मागं आयईईई ५१५ आणि आयईसीचं ६००७९-३० ही मानकं आहेत. इंजिनिअरच्या कपाटात ती असतात. आपल्याला कुणी दाखवत नाही ही वेगळी गोष्ट.

चार वेळा का, हा खरा मुद्दा आहे. माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

केबल बिघडते कुठं ते बघा. ड्रमवर ती बहुतेक वेळा चांगली असते. मग ती पाइपावर येते, आणि वरच्या मजल्यावर वेल्डर काम करत असतो. ठिणगी पडते, वरचं कव्हर वितळतं. स्कॅफोल्डिंगवाल्याच्या हातून क्लॅम्प सुटतो. कुणी पाइपावर चढायला केबलवरच पाय देतं. जंक्शन बॉक्सचं झाकण रात्रभर उघडं राहतं आणि ऑगस्टमधली किनाऱ्यावरची दमट हवा आत जाते. आणि शेवटी लॅगिंगवाले येतात. पत्र्याला सेल्फ टॅपिंग स्क्रू मारतात, आणि स्क्रू गरजेपेक्षा लांब असला की तो रॉकवूलमधून सरळ केबलच्या पोटात. हा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो नेपाळचा नाहीतर बांगलादेशचा कुणीतरी असतो, आपल्यासारखाच, आणि स्टोअरनं त्याला जो स्क्रू दिला तो तो मारतो. खाली केबल कुठून गेलीय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता कल्पना करा, बांधल्यावर मेगर मारला, रीडिंग चांगलं आलं, तुमची सही झाली. लॅगिंगनंतर पुन्हा मारला आणि रीडिंग पडलं. मग नुकसान कधी झालं? लॅगिंगच्या वेळी. इलेक्ट्रिशियनच्या हातून नाही. पत्रा उघडा, स्क्रू काढा, स्प्लाइस करा, स्टोअरला आखूड स्क्रू मागवायला सांगा. विषय संपला, कुणाचा पगार कापायचं कारण नाही.

आणि मधली टेस्ट मारलीच नाही, पण कागदावर आहे, खाली तुमची सही आहे, आणि पत्र्याखालची केबल मेलेली आहे, तर? तर कागद म्हणतो की केबल लॅगिंगच्या आधी चांगली होती, लॅगिंगनंतर चांगली होती, आणि हे दोन्ही तुम्ही स्वतः तपासून सांगितलं. आता बिघाडाची वेळ कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे तो तुमच्याच गळ्यात पडतो. चार खऱ्या रीडिंगचा कागद हे तुमचं वकीलपत्र असतं. खोट्या रीडिंगचा कागद म्हणजे तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून दिलेला कबुलीजबाब. आणि तो आपण बस सुटेल म्हणून देतो!

माझं सांगतो. साइट कुठली, कंपनी कोणती, ते सोडा. चाळीसच्या वर सर्किटं होती. क्लायंटची तारीख जवळ आली होती आणि सब-कॉन्ट्रॅक्टरचं बिल त्या टेस्ट शीटवर अडकलेलं. शीट नाही तर बिल नाही. म्हणून एका रात्रीत ऑफिसमध्ये बसून कुणीतरी सगळ्या शीट भरल्या. प्रत्येक ओळीत एकच आकडा: १०००. बारा मीटरची केबल, १०००. नव्वद मीटरची केबल, १०००. आम्ही तिघांनी सह्या केल्या. आमचा चार्जहँड चिपळूणकडचा, वयानं मोठा, त्याला आम्ही दादा म्हणायचो. तो म्हणाला, "अरे करा रे, सगळीकडं असंच चालतं." आम्ही केल्या.

स्टार्टअपच्या दिवशी करंट सोडला आणि एकामागून एक ब्रेकर पडायला लागले. अकरा सर्किटं गेली. नवे पत्रे उघडले तेव्हा सहा ठिकाणी स्क्रू निघाले, दोन ठिकाणी एंड सीलच नव्हता, नुसती टेप गुंडाळलेली. बाकीच्यांत पाणी. क्लायंटचा क्यूसी इन्स्पेक्टर शांत माणूस होता. त्यानं शीटवरचा मेगरचा सीरियल नंबर बघितला आणि स्टोअरचं रजिस्टर मागवलं. शीटवर ज्या तारखा होत्या त्या आठवड्यात तो मेगर कॅलिब्रेशनला गेलेला होता. साइटवर नव्हताच.

पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. ज्यानं शीट भरल्या त्याचं नाव कुठंच नव्हतं. फोरमननं 'मला काय माहीत, टेस्ट यांनी केलीय' असं सांगितलं. दादाची सही नव्हती, त्यानं नुसतं करायला लावलं होतं. कागदावर आमची तीन नावं होती. तिघांच्या पगारातून पैसे गेले, एकाला परत पाठवलं. त्याची बहीण त्याच वर्षी लग्नाची होती. दुरुस्तीच्या कामाला मात्र आम्हालाच लावलं, शुक्रवारीसुद्धा.

त्या शीटवर सही करताना मला माझी आयटीआयची वर्षं आठवायला हवी होती. वायरमन ट्रेडला सरांनी इन्सुलेशन रेझिस्टन्स शिकवला होता, मोटारच्या वाइंडिंगवर, हाताचा हँडल फिरवून. मला माहीत होतं की केबल जितकी लांब तितकं गळतीला जागा जास्त, म्हणजे रीडिंग कमी यायला हवं. बारा मीटर आणि नव्वद मीटर एकच आकडा दाखवू शकत नाहीत. मला ते दिसलं होतं. आपण अडाणी आहोत म्हणून फसतो असं नाही. कळतं आणि तरी करतो. त्याचं कारण भीती, आणि भीती खोटी नाही. कर्ज काढून एजंटला पैसे दिलेत, पासपोर्ट कुणाच्या तरी कपाटात आहे, घरी हप्ता आहे. हे मी नाकारत नाही. पण त्या भीतीचा हिशोब नीट मांडा. सही नाकारली तर फोरमन चिडेल, कदाचित दुसऱ्या साइटवर टाकेल. सही केली आणि केबल गेली, तर कागद आयुष्यभर तुमच्या विरुद्ध. पहिली भीती एका संध्याकाळची आहे.

काही जण म्हणतील, केबल गेली तर गेली, ब्रेकर पडेल, माणूस तर मरत नाही ना? थांबा जरा. आपल्याकडच्या ट्रेसिंगवर अर्थ फॉल्टचा ब्रेकर साधारण ३० मिलिॲम्पला पडतो. २३० व्होल्टवर ३० मिलिॲम्प म्हणजे इन्सुलेशन घसरून पावणेआठ हजार ओहमच्या आसपास आलेलं असतं. आणि करंट सोडायच्या आधी साइटवर सहसा कमीत कमी किती मागतात? २० मेगाओहम, म्हणजे दोन कोटी ओहम. नवी चांगली केबल तर शेकडो मेगाओहम दाखवते. दोन कोटींवरून आठ हजारांवर उतरेपर्यंत ब्रेकर गप्प असतो. त्या मधल्या सगळ्या वाटेवर फक्त मेगर बोलतो. आणि जिथं अर्थ फॉल्टचा ब्रेकर बसवलेलाच नाही, किंवा सारखा पडतो म्हणून कुणीतरी साधा एमसीबी लावून ठेवलाय (हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय), तिथं ओल आत शिरली की तार आणि जाळीच्या मध्ये बारीक ठिणग्या सुरू होतात. करंट इतका कमी की साध्या एमसीबीला कळतसुद्धा नाही. केबल उदबत्तीसारखी पाइपावरून पेटत पुढं जाते. भोवती काय आहे? रिफायनरी.

आणि आग नाही लागली तरी? गंधकाची लाइन गोठली तर ती मोकळी करायला कोण जातं? इंजिनिअर जातो का? हेल्पर जातो, फिटर जातो. फ्लँज सैल करतात, स्टीमचा होज लावतात, आणि आत अडकलेला हायड्रोजन सल्फाइड कधी बाहेर येईल याचा नेम नसतो. त्या गॅसचा कुजक्या अंड्याचा वास थोड्या वेळात नाकाला कळेनासा होतो, कारण नाकच मरतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून लोक आत राहतात. वितळलेलं गंधक कातडीला चिकटतं ते वेगळंच. पत्र्याखालच्या एका स्क्रूची किंमत शेवटी तिथं वसूल होते, आणि ती देणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच कॅम्पमध्ये, आपल्याच मजल्यावर झोपणारा असतो.

म्हणून 'कागदच तर आहे' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा मला राग येतो. आपल्या माणसांचा जास्त येतो. फोरमनला वरून दाब असतो, हे खरं. पण खेड, चिपळूण, माणगावकडचा आपलाच माणूस चार्जहँड होतो, आपल्या बोलीत 'अरे करा रे' म्हणतो, आणि आपण त्याच्या शब्दाला मान देऊन सही करतो, तेव्हा कंपनीला धमकी द्यायचीसुद्धा गरज उरत नाही. गावकीचं नातं फुकटात वापरलं जातं. दादा असाल तर शीटवर पहिली सही तुमची करा. मग बाकीच्यांना सांगा.

आणि वरच्यांना एक प्रश्न. मीटरवर काम देता, मेगर मारायला वेळ देत नाही. दहा जणांच्या गँगला एक मेगर, तोही अर्धा वेळ दुसऱ्या साइटवर. सर्किटमागं थर्मोस्टॅट सोडवा, वायर सुट्या करा, मेगर लावा, एक मिनिट धरा, उतरवा, पुन्हा जोडा: अर्धा तास कुठंच गेला नाही. चाळीस सर्किटं चार वेळा म्हणजे एकशेसाठ टेस्ट, ऐंशी तास. हे ऐंशी तास तुमच्या प्लॅनमध्ये कुठं लिहिलेत? लिहिलेले नसतील, तर टेस्ट खोट्या होणार हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग आमच्यावर फसवणुकीचा आरोप करताना तोंड कसं उघडतं?

आता काम कसं करायचं. बऱ्याच जणांना केबल बांधता येते, पण मेगर नीट कुणी शिकवलेला नसतो.

सगळ्यात आधी परवाना. चालू प्लँटमध्ये, जिथं गॅस असू शकतो, तिथं मेगर हे ठिणगी पाडू शकणारं यंत्र आहे. वर्क पर्मिट आणि गॅस टेस्ट झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. 'एकच मिनिट का काम है' असं म्हणणाऱ्याला पर्मिट दाखवायला सांगा. पॅनलचा ब्रेकर बंद, लॉक लावलेलं, तुमचं कुलूप आणि चावी तुमच्या खिशात. थर्मोस्टॅट, कंट्रोलर, टोकाला लाइट असेल तर तोही सुटा करायचा. नाहीतर मेगरच्या दाबानं ते जळतात आणि त्याचंही बिल तुमच्याकडं येतं.

मग पहिली टेस्ट: आतल्या दोन तारा एकत्र पिळून मेगरच्या एका टोकाला, बाहेरची तांब्याची जाळी दुसऱ्या टोकाला. यात आतलं इन्सुलेशन कळतं. दुसरी टेस्ट: जाळी आणि लोखंडी पाइप. यात बाहेरचं कव्हर फाटलंय का ते कळतं. ही दुसरी टेस्ट बरेच लोक करतच नाहीत, आणि वेल्डिंगची ठिणगी आधी तिथंच दिसते.

व्होल्टेजवरून खूप वाद असतो. प्लॅस्टिकच्या कव्हरच्या, म्हणजे सेल्फ रेग्युलेटिंग वगैरे केबलला बनवणारे सहसा २५०० व्होल्ट डीसी सांगतात, कारण बारीक चीर ५०० व्होल्टला सापडत नाही. धातूच्या नळीतल्या एमआय केबलला मात्र सहसा १००० च्या वर जायचं नसतं. तुमच्या केबलचं पुस्तक मागा, त्यातला आकडा धरा. मल्टिमीटरनं बीप ऐकणं म्हणजे मेगर नव्हे. मल्टिमीटरच्या आतली बॅटरी काही व्होल्टांची, ती चीर शोधणार कशी? एमआय केबलच्या आतली पांढरी पावडर हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून उघडं टोक रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी रीडिंग पडलेलंच मिळणार. ते टोक सुकवून पुन्हा सील करायचं असतं. रीडिंग वाढवून लिहायचं नसतं.

टेस्ट चालू असताना दुसऱ्या टोकाला माणूस उभा ठेवा. हा झटका बहुतेक वेळा मारत नाही, पण वीस फुटांवरच्या स्कॅफोल्डिंगवर हात झटकला गेला तर पडून माणूस मरतो. टेस्ट झाली की केबल डिस्चार्ज करा, मगच हात लावा. लांब केबलमध्ये चार्ज राहतो.

एक गोष्ट कबूल करतो. मेगर सगळंच सांगत नाही. कोरडी चीर असेल, आत पाणी शिरलेलं नसेल, तर रीडिंग चांगलंही येऊ शकतं आणि तीच केबल दोन महिन्यांनी ओल धरून जाते. म्हणून तर पुन्हा पुन्हा मारायचा. आणि म्हणूनच तारीख महत्त्वाची. खरी टेस्ट केलेला माणूस चुकला तरी तो कामगार म्हणून चुकला. त्याला कुणी खोटारडा म्हणू शकत नाही.

कागदाचं. शीटवर मेगरचा सीरियल नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख स्वतः बघून स्वतः लिहा. मेगरवर स्टिकर असतो. ज्या सर्किटला टेस्ट झाली नाही तिथं शेराच्या रकान्यात 'नॉट टेस्टेड' असं इंग्रजीत लिहा. सही नाकारण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण तुम्ही कागद अडवत नाही, तुम्ही खरं लिहिताय. फोरमन तो कागद फाडून टाकेल, शक्य आहे. म्हणून एक शंभर पानी वही ठेवा. रोज रात्री कॅम्पवर तारीख, सर्किट नंबर, मेगरचा नंबर, किती व्होल्ट, किती रीडिंग, बरोबर कोण होतं, एवढं मराठीत लिहा. प्लँटमध्ये फोन काढून फोटो मारू नका. ड्रॉइंगचे तर अजिबात नको. त्यावरून वेगळीच केस लागू शकते. वहीला कुणी हात लावत नाही.

आणि सही एकट्यानं नाकारू नका. गँगमधल्या सगळ्यांनी आदल्या रात्री ठरवा. एकाला परत पाठवणं सोपं असतं. स्टार्टअपच्या आठवड्यात अख्खी गँग परत पाठवायची तर त्यांना नवी माणसं आणायला वेळ कुठाय?

यूएईत असाल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. २०२१ चा कामगार कायदा, फेडरल डिक्री-लॉ क्रमांक ३३, हा खासगी कंपन्यांना लागू आहे. त्यात पगारातून काय कापता येतं त्याची यादी आहे, आणि सगळ्या कपाती मिळून अर्ध्या पगारापेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत. पासपोर्ट अडवून ठेवायला मनाई आहे. कलम ४५ मध्ये असंही आहे की कामाच्या जागी जिवाला मोठा धोका असेल, मालकाला तो माहीत असेल आणि तो काहीच करत नसेल, तर कामगार नोटिशीशिवाय काम सोडू शकतो. हे कलम फोरमनच्या तोंडावर मारायचं नाही. त्याचा उपयोग मंत्रालयात तक्रार करताना होतो, आणि तिथं तुमची वही लागते. कतार, सौदी, कुवेत, ओमानचे कायदे वेगळे आहेत, एकाचं दुसरीकडं चालवू नका. भारतीय दूतावासाकडं तक्रार मदद पोर्टलवरून करता येते, आणि दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. तिथं बोलताना 'अन्याय झाला' एवढ्यावर थांबू नका. अमुक तारखेला, अमुक सर्किटला, मेगर साइटवर नसताना, अमुक शीटवर सही घेतली, असं सांगा. समोरच्या क्लार्कचा चेहरा बदलतो.

माझी वही अजून आहे. पहिली वही त्या प्रकरणानंतर घेतली, कॅम्पच्या बकाल्यातून. पहिल्या पानावर अकरा सर्किटांचे नंबर आहेत, उघडलेल्या पत्र्याखाली काय सापडलं ते, आणि खाली आमच्या तिघांच्या कापलेल्या रकमा. त्या पैशांतली एक दिरहमही परत मिळाली नाही. ज्याला परत पाठवलं तो आता गावी रिक्षा चालवतो. मागच्या गणपतीत भेटलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "त्या रात्री शीट भरल्या कुणी, कळलं का रे कधी?" मला ते अजून माहीत नाही. त्या कागदांवर त्या माणसाचं नाव नाही. माझं आहे.